इंजिन स्लो केलं की अडकतं, मोटर बदलू का?

प्रश्न: माझ्याकडे मॉडेल रेल्वेचं, एचओ स्केलचं (खऱ्याच्या सुमारे १/८७ आकाराचं) चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन आहे. फास्ट छान पळतं, पण स्लो केलं की पॉइंटवर (एका मार्गाचे दोन होतात तिथे) येऊन थांबतं, बोटाने ढकललं की परत चालू. नवीन मोटर टाकू का?

उत्तर: मोटरला एवढ्यात हात लावू नका. ढकलल्यावर चालतंय म्हणजे बहुतेक मोटर ठीक आहे, तिच्यापर्यंत रुळांतून चाकांवाटे करंट पोचत नाहीये. वेगात असताना इंजिन आपल्या जोरावर पॉइंटमधला बिनकरंटचा तुकडा ओलांडून जातं, स्लो असलं की तिथेच बसतं, आणि त्यात चारच चाकं, एक प्लास्टिकच्या फ्रॉगवर (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) आलं आणि दुसरं केसभर उचललं की सर्किट तुटलंच.

आधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत घाण अजून बसते. मग इंजिन उलटं करा, चाकांच्या मागे करंट घेणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या टेकलेल्या दिसतील, चाक बोटाने डावीउजवीकडे सरकवून बघा, पट्टी सुटत असेल तर चिमट्याने अगदी हलकेच वाकवा. जास्त दाबलीत तर ब्रेकच लागेल. माझ्या मते निम्मी इंजिनं इथेच सुधारतात.

इंजिनात डीसीसी डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचणारी चिप) असेल तर कीप-अलाइव्ह कपॅसिटर (करंट क्षणभर तुटला तरी इंजिन चालू ठेवणारा) जरूर लावा, फक्त डिकोडरला तो चालतो का बघा. साध्या डीसीवर (डिकोडर नसलेल्या, रुळांतल्या व्होल्टेजवर वेग ठरणाऱ्या इंजिनाला) मागे एक वॅगन कायमची जोडा आणि तिच्या चाकांवरूनही करंट घेऊन दोन बारीक, लवचिक वायरी इंजिनात न्या.