अंदाजाने सात टाकू नकोस

बाय,

तुझा फोटो मिळाला. सुडोकू अर्ध्यावर अडकलंय आणि विचारतेस, "काका, अंदाजाने सात टाकून बघू का?" नको. नियम एवढाच: ओळीत, स्तंभात आणि तीन बाय तीनच्या चौकटीत एक ते नऊ आकडे एकेकदाच. तुझ्याच कागदावर बघ. वरच्या डाव्या चौकटीत सात नाही. दुसऱ्या ओळीत उजवीकडे सात आहे, तिसऱ्या ओळीत मधल्या चौकटीत आहे. म्हणजे डाव्या चौकटीतला सात पहिल्या ओळीतच बसणार. तिथली दोन घरं भरलेली, उरलं एक. सात तिथे गेला. यात अंदाज कुठे आला?

अंदाजाचा चटका मी खाल्लाय. एका पावसाळ्यात वीज गेली होती, ओटीवर कंदील घेऊन सोडवत बसलो होतो. दोन घरांपैकी एकात सरळ पेनाने चार टाकला. तासाभराने शेवटच्या ओळीत चार दोनदा, शेजारी शेजारी. चूक कुठून सुरू झाली ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

तुला माहीतच आहे, मी डेपोत ड्यूटी लावायचो. सुडोकू हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी मी घरं भरत होतो. सहा गाड्या: जयगड, गणपतीपुळे, पावस, देवरुख, लांजा, राजापूर. सोमवार ते शनिवार सहा दिवस, सहा ड्रायव्हर, सहा कंडक्टर. मला हौस अशी की प्रत्येकाला आठवड्यात प्रत्येक गाडी एकदाच यावी, आणि प्रत्येक ड्रायव्हरची प्रत्येक कंडक्टरशी एकदाच जोडी पडावी. ड्रायव्हर रोज एक घर पुढे सरकवले, ते बसले. कंडक्टर दोन घरं पुढे सरकवले, तर चौथ्या दिवशी बुवा पुन्हा पहिल्याच गाडीवर! किती वह्या भरल्या. वाटायचं, आपलंच डोकं कमी पडतंय.

पुढे सातवी गाडी मिळाली, रविवारही धरला, आणि तीच युक्ती एका संध्याकाळी जमली. ड्रायव्हर एक घर, कंडक्टर दोन घरं. सातात दोनाच्या उड्या मारल्या की सातही घरं फिरून होतात, सहात तीनच होतात. कागदावर करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा कळलं, हे कोडं लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने 1782 साली छापलं होतं. त्याच्याकडे ड्रायव्हर-कंडक्टरच्या जागी सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे 36 अधिकारी. त्याला ते जमत नाही असं वाटत होतं, आणि 1901 साली गॅस्तों तारी या फ्रेंच माणसाने एकेक शक्यता तपासून ते खरंच अशक्य असल्याचं दाखवलं. माझ्या वह्या वाया गेल्या म्हणू नकोस, मला तर सुटल्यासारखं वाटलं. ऑयलरचा आणखी एक अंदाज होता, की 10, 14, 18, 22 अशा आकड्यांनाही हे जमणार नाही. तो मात्र 1959 साली पडला. पाडणारे तिघे: आर. सी. बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे मूळचे मध्य प्रदेशातल्या सागरचे, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले, 102 वर्षं जगले. शाळेत आम्हाला हे नाव कोणी सांगितलं नाही, याची चुटपुट आहे.

ओळीत आणि स्तंभात आकडा एकदाच, हा ऑयलरचा लॅटिन चौरस. त्यात तीन बाय तीनच्या चौकटी घालून आजचं कोडं झालं ते 1979 साली, अमेरिकेतल्या डेल कंपनीच्या कोडी-मासिकात, 'नंबर प्लेस' नावाने. ते हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाने रचलं असं मानतात. कोड्यावर त्याचं नाव नव्हतं. 1989 साली तो गेला, पुढचा गाजावाजा त्याने पाहिलाच नाही. 1984 साली निकोली या कोडी छापणाऱ्या जपानी कंपनीने ते उचललं. त्यांच्या माकी काजींनी दिलेल्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा: आकडे सडेफटिंगच राहिले पाहिजेत! त्याचं आखूड रूप सुडोकू. 1997 साली वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशाला टोकियोच्या पुस्तकांच्या दुकानात ते दिसलं. सहा वर्षं खपून त्याने कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि 12 नोव्हेंबर 2004 ला लंडनच्या टाइम्समध्ये पहिलं कोडं छापून आलं. वास्तुविशारद निवृत्त, न्यायाधीश निवृत्त, मीही निवृत्त. तू वीस वर्षांची, तुला कसली एवढी घाई? मोबाईलवरचं ते सेकंद मोजणारं घड्याळ आधी बंद कर.

आणि सोडवण्यापेक्षा एखादं स्वतः रच. पूर्ण भरलेला चौरस घे आणि एकेक आकडा खोड. दर वेळी बघायचं, उत्तर अजून एकच राहतंय ना? निकोलीवाले दिलेले आकडे समोरासमोर जुळतील असे ठेवतात, ते दिसायला देखणं असतं. 17 पेक्षा कमी आकड्यांवर मात्र जाऊ नकोस. 16 आकड्यांचं एकच उत्तर असलेलं कोडं नसतंच, हे 2012 साली डब्लिनमध्ये संगणकावर ताडून झालंय.

सोबत मी रचलेलं एक पाठवतोय, 28 आकड्यांचं. उत्तर कळवू नकोस. पहिलं घर कुठलं भरलंस, आणि का, तेवढं लिही. उजव्या कोपऱ्यात खाडाखोड आहे ती माझी, तिथे दोन उत्तरं निघत होती.

तुझे
कंट्रोलर काका