कॅप्टनपदाला नाही म्हण, खेळायचं मात्र सप्टेंबरात ठरव

मावशी, मी एकवीस वर्षांची आहे. सातवीपर्यंत नाशिकला होते, मग आम्ही न्यू जर्सीला आलो. आता पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात फिजिओथेरपीच्या ‘तीन अधिक तीन’ कोर्सला आहे. पदवीची तीन वर्षं झाली, जूनपासून डॉक्टरेटची, म्हणजे डीपीटीची, तीन सुरू होतील. बास्केटबॉलचा माझा चौथा आणि शेवटचा सीझन नेमका त्याच पहिल्या वर्षात येतो. आमचं कॉलेज डिव्हिजन तीनमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या पातळीवर आहे. गेल्या वर्षी मी सुरुवातीच्या पाचांत होते. कोच म्हणतात, कॅप्टन हो. सीनियर मुली म्हणतात, पहिल्या वर्षी कोणी झोपत नाही. आई म्हणते, पुरे झाला आता तो बॉल, कर्ज काढून शिकते आहेस. बाबा काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांचाही विरोधच असणार. नाशिकला शाळेच्या कोर्टावर रोज संध्याकाळी तेच मला सोडायला यायचे. दोन्ही जमेल का? की सीझन पुढच्या वर्षावर ढकलू? आणि सोडलं तर टीमला दगा दिल्यासारखं होईल का?
– एक पॉइंट गार्ड

प्रिय मुली,

तू खेळावंस असं मला मनापासून वाटतं. पण कॅप्टन होऊ नकोस, आणि खेळणारच असा शब्दही कोचना आज देऊन बसू नकोस.

‘दोन्ही जमतं’ हे पटवायला लोक तुला दाखले देतील. कॅनडाचा लॉराँ दुव्हर्ने-तार्दिफ कॅन्सस सिटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळता खेळता मॅकगिल विद्यापीठातून २०१८ मध्ये डॉक्टर झाला आणि २०२० मध्ये सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा अंतिम सामनाही जिंकला. तुझ्याच खेळातला जुना दाखला अर्नी व्हँडवेचा. तो १९४९ पासून न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाकडून खेळत होता, त्याच काळात कोलंबिया विद्यापीठात वैद्यक शिकत होता, आणि पुढे बालरोगतज्ज्ञ झाला. पण त्यांना ते कसं जमलं ते नीट बघ. लॉराँला चार वर्षांच्या शिक्षणाला आठ वर्षं लागली, कारण सीझन नसेल त्या महिन्यांत शिकायची मुभा त्याला मिळाली. व्हँडवे निक्सचे सगळे सामने खेळत नव्हता, अभ्यासातून सुटेल तेव्हा खेळायचा. एकाने शिक्षण लांबवलं, दुसऱ्याने खेळ कमी केला. दोन्ही गोष्टी पूर्ण मापाने एकाच वेळी दोघांपैकी कोणीच केल्या नाहीत.

तुझा कोर्स लांबवता येत नाही. डीपीटीची अख्खी बॅच एकत्र पुढे सरकते आणि बहुतेक विषय वर्षातून एकदाच शिकवतात. ऑक्टोबरात एखादा विषय हातचा गेला तर तो जानेवारीत पुन्हा मिळत नाही. मागच्या बॅचमध्ये जाऊन बसावं लागतं, म्हणजे एक वर्ष आणि एका वर्षाची फी. त्यामुळे कमी करायचं ते खेळातच. एवढं मान्य केलंस की बाकीचं बरंच सोपं होतं.

आता अ‍ॅनाटॉमीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुली फसतात त्या इथेच. तुला वाटत असेल, अभ्यास काय, बसमध्येही होतो. अवे गेमला, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात सामना असला की, तीन तास जायला, तीन यायला, फोनवर कार्ड्स उलटायची. नावं पाठ करायला ते ठीक आहे. पण डिसेक्शन हॉलमधला देह बसमध्ये नेता येत नाही. खांद्याच्या खालून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं पुस्तकात पिवळ्या रंगात सुरेख दिसतं. टेबलावर सगळंच फिकट, एकसारखं आणि चरबीत दडलेलं असतं. चिमट्याने ते हळूहळू मोकळं करत, मागे कुठून आलं नि पुढे कुठे गेलं हे बोटाने धरून बघितलं तरच परीक्षेत ओळखू येतं. आणि परीक्षा कशी, तर एखाद्या स्नायूला टाचणी लावलेली, तुझ्याकडे मिनिटभर, घंटा झाली की पुढचं टेबल. तिथे ‘वाचलं होतं’ कामाला येत नाही. हॉल संध्याकाळी सरावासाठी उघडा असतो तेव्हा तुझी बॅच तिथे असते, आणि नेमकी तीच वेळ टीमच्या प्रॅक्टिसची असते.

हाताने करायच्या विषयांचंही तसंच. स्नायूची ताकद तपासणं, गोनिओमीटर लावून गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजणं, हे दुसऱ्या माणसाच्या अंगावरच शिकावं लागतं. म्हणून बॅचमधली एक मैत्रीण जूनमध्येच धर. जिला सकाळी सहाला उठायचा त्रास नाही अशी. आठवड्यातल्या दोन सकाळी तिच्यासोबत ठरवून टाक, सीझन असो वा नसो. टीममधल्या मुलीही आनंदाने गुडघे पुढे करतील, पण तुझं चुकतंय हे सांगायला शिकणारीच जोडीदार लागते.

तुझं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. कोर्स जूनमध्ये सुरू होतो आणि डिव्हिजन तीनची प्रॅक्टिस ऑक्टोबरच्या मध्याला. म्हणजे टीमचा पहिला दिवस उजाडायच्या आधी उन्हाळ्याच्या टर्मचे मार्क तुझ्या हातात असतील. किती मार्कांच्या खाली आले तर खेळायचं नाही, तो आकडा आजच ठरव, कागदावर लिही आणि आईला दाखव. पास होण्यापुरता आकडा धरू नकोस, त्याच्या बराच वरचा धर. बऱ्याच कोर्सेसना ‘बी’ची सरासरी राखावीच लागते, आणि सीझनमध्ये मार्क थोडे खाली येणार हे गृहीतच धरायला हवं.

कोचना मात्र या आठवड्यातच भेट. कॅप्टनपद नको म्हणून सांग. कॅप्टनला प्रॅक्टिसच्या आधी यावं लागतं, नंतर थांबावं लागतं, नव्या मुलींची रडगाणी रात्री अकराला फोनवर ऐकावी लागतात. ते तासही कुणी मोजत नाही, आणि तू मनापासून करणारी आहेस हे तुझ्या पत्रावरून दिसतं, म्हणूनच ते तुला महागात पडेल. कोचना सांग की मी आले तर बेंचवरून, म्हणजे बदली खेळाडू म्हणून येईन, लॅबच्या दिवशी प्रॅक्टिसला नसेन, परीक्षेच्या आदल्या दिवशी अवे गेमला येणार नाही. ते नको म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. कमी मिनिटं मिळतील, तीही मान्य कर. गेल्या वर्षी सुरुवातीच्या पाचांत असलेल्या मुलीला बेंचवर बसणं सोपं नाही, मला कल्पना आहे. पहिले दोन आठवडे फार लागेल. त्याची तयारी नसेल तर सीझनच नको.

डिपार्टमेंटच्या संचालकांनाही आधीच सांग. टीमच्या वेळापत्रकातून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

झोपेचं सीनियर मुली अभिमानाने सांगतात, ते मला मुळीच आवडलं नाही. स्टॅनफर्डमध्ये बास्केटबॉल खेळाडूंवर एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा मुलांनी काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात काढायचे असं ठरवलं, तर त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले आणि धावण्याचा वेगही वाढला. दहा तास तुला मिळणार नाहीत. पण बस मध्यरात्री परतली आणि सकाळी आठला लेक्चर असलं, तर त्या रात्री पुस्तक उघडायचं नाही, एवढा नियम पाळ.

सीझन पुढच्या वर्षावर ढकलू का, असं विचारलंस. पूर्णवेळ शिक्षणाच्या दहा सेमिस्टरमध्ये चार सीझन, असा डिव्हिजन तीनचा हिशोब असतो, त्यामुळे कागदोपत्री कदाचित बसेलही. खेळाचे नियम बघणाऱ्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला विचारून घे. पण दुसऱ्या वर्षी क्लिनिकल सुरू झालं की आठवड्याचे चाळीस तास कुठल्यातरी दुसऱ्याच गावातल्या हॉस्पिटलात जातील. खेळायचं तर याच वर्षी.

आणि दगा कसला गं? डिव्हिजन तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते. कॉलेजने तुझा खेळ विकत घेतलेला नाही, तू तीन वर्षं स्वखुशीने दिलीस. दगा झालाच तर तो जानेवारीत, अर्धा सीझन झाल्यावर अचानक येणं बंद केलंस तर. ऑक्टोबरच्या आधी सांगितलंस तर कोच दुसरी पॉइंट गार्ड तयार करू शकतात.

आई चुकीचं बोलत नाही. कर्जाचा आकडा तिला पाठ असेल आणि फेल झालेल्या वर्षाची भीती तिला तुझ्याहून जास्त वाटत असेल. तिच्याशी बास्केटबॉलवर वाद घालू नकोस. तो मार्कांचा कागद पुढे ठेव आणि म्हण, याच्या खाली गेले तर मी स्वतः बूट काढून ठेवीन. बाबा गप्प आहेत त्याचा अर्थ तू विरोध असा लावला आहेस. मला तसं वाटत नाही. नाशिकला शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर तुला रोज संध्याकाळी कोण सोडायला यायचं, ते तूच पत्रात लिहिलं आहेस. त्यांना एकट्याला फोन कर आणि सरळ विचार.

कोचना भेटायच्या आधी अजून एक काम आहे. डिपार्टमेंटकडून पुढच्या दोन टर्मच्या प्रॅक्टिकल परीक्षांच्या तारखा मागून घे. पक्क्या नसल्या तरी गेल्या वर्षीच्या मिळतील. त्या टीमच्या वेळापत्रकाशेजारी ठेव आणि किती ठिकाणी गाठ पडते ते मोज. दोन-तीन ठिकाणी पडली तर तोडगा निघतो. सात-आठ ठिकाणी पडली, तर मला पुन्हा लिही, मग माझंही मत बदलेल.

तुझी,
मावशी