वाटीतले चिंचोके

“मॅडम, माझं दूध पुरतच नाही. संध्याकाळी सहापासून रडते ती, रात्री दहापर्यंत. आई म्हणतात, बाटलीच लाव आता.”

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. दुपारच्या साडेतीन वाजता मानेवाड्याकडच्या एका घरातून हा फोन आला. फोनवर मागे कुलरचा आवाज येत होता आणि त्याहून वरच्या पट्टीत बाळाचा. मी स्तनपान समुपदेशक आहे. नागपुरात या कामात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारताना आईचा आवाज जवळजवळ नेहमी असाच असतो, चूक कबूल केल्यासारखा. (घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत गेले. सहा आठवड्यांची मुलगी, पहिलटकरीण आई, सासूबाई आणि सकाळी कामावर निघून रात्री उशिरा येणारा नवरा. दाराशीच सासूबाई म्हणाल्या, “हिले पान्हाच नाही फुटत जी. शेजारचं लेकरू पाहा, कसं गुबगुबीत हाय.” सूनबाईनं मान खाली घातली. आठवडाभरापूर्वी शिशुदुधाच्या पावडरीचा डबा आणला होता. संध्याकाळी एक आणि रात्री एक, अशा साठ-साठ मिलिलिटरच्या दोन बाटल्या सुरू होत्या. बाटली संपली की पोरगी झोपायची. घरच्यांना हाच पुरावा वाटत होता की आतापर्यंत ती उपाशीच होती.

अशा वेळी “काही नाही, काळजी करू नका” म्हणणं मला पटत नाही. काळजी खरी असते, ती मोजूनच कमी होते. म्हणून आधी माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं. जन्माचं वजन २.८ किलो. पाचव्या दिवशी २.६१. इथेच घरात पहिल्यांदा भीती शिरली होती, कारण वजन घटलं एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट होते आणि ती दोन आठवड्यांत भरून निघते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चौदाव्या दिवशी २.८५ होतं, म्हणजे घट भरून निघाली होती. तेहतिसाव्या दिवशी अंगणवाडीत केलेलं वजन ३.४१. मी कागदावर हिशोब मांडला: १९ दिवसांत ५६० ग्रॅम, दिवसाला सुमारे २९ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ चांगली मानतात. आणि ही सगळी वाढ डबा घरात येण्याआधीची होती.

आईनं तो कागद स्वतःकडे ओढून पुन्हा भागाकार केला. मग डोळ्यांना पदर लावला.

शेजारच्या बाळाचा विषय मात्र तेवढ्यानं मिटला नाही. कार्डावरच्या वक्ररेषा सासूबाईंना दाखवल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली ही वाढीची मानकं दिली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ६ देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं पाहिली होती. भारतातली दिल्लीची होती, आणि बाळं अंगावर पिणारी. म्हणजे आपल्या मुलीची रेष विलायती मुलांशी किंवा डब्यावरच्या चित्राशी जुळवायची नाही. शेजारचं बाळ जन्माला आलं तेव्हाच साडेतीन किलोच्या वर होतं, ते त्याच्या रेषेवर चाललंय, आपली पोरगी तिच्या. रेष खाली घसरू लागली तर घाबरायचं.

“मग रडते काऊन?” सासूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि ते बहुतेक संध्याकाळीच वाढतं. त्याच वेळी त्यांना थोड्या थोड्या वेळानं प्यायला हवं असतं. नेमकं याच आठवड्यांत आईची छाती मऊ पडते. सुरुवातीला दूध दाटून दगडासारखी व्हायची, आता होत नाही, म्हणून दूध आटलं असं वाटतं. खरं तर शरीरानं बाळाला लागेल तेवढंच बनवायचा अंदाज बांधलेला असतो. तिनं हातानं दाबूनही पाहिलं होतं, वाटीच्या तळापुरतं निघालं. पण बाळ जेवढं ओढून घेतं तेवढं हातानं निघत नाही, त्यावरून काही ठरवू नये.

बाटलीनं काय होतं तेही सांगितलं. दूध बाळाच्या मागणीवर बनतं. बाटली पोटात गेली की बाळ एक वेळ छातीशी येत नाही, छाती भरलेली राहते, आणि भरलेली छाती दूध हळू बनवते. चार-सहा दिवसांनी दूध खरोखरच कमी होतं. “पाहा, पुरत नव्हतंच,” हे वाक्य मग खरं ठरतं, पण ते बाटलीनं खरं केलेलं असतं. मेडिकलवाल्यानं डबा सहज काढून दिला होता. शिशुदुधाच्या जाहिरातींवर आणि फुकट नमुन्यांवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण घाबरलेल्या घराला जाहिरात लागतच नाही.

मग पाजताना पाहिलं. पोरगी नुसतं टोक धरून चोखत होती. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावून घेतलं, हनुवटी छातीला टेकवली, तोंड मोठं उघडायची वाट पाहिली आणि मग जवळ घेतलं, म्हणजे काळा भागही तोंडात जाईल. तिसऱ्या खेपेला जमलं. थोड्या वेळानं गिळण्याचा आवाज आला, आणि खोलीत तिघी बायका गप्प बसून तो ऐकत होत्या.

उठता उठता पाण्याची बाटली दिसली. उकळून गार केलेलं, चमचा सोबत. ४५ अंशांत लेकराचा घसा सुकेल, म्हणून सासूबाई दिवसातून चार-पाच वेळा पाजत होत्या. मायेनंच. पण आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उष्ण, कोरड्या प्रदेशांत, भारतातही, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांची लघवी तपासून पाहिली आहे. त्यांना वेगळं पाणी लागत नाही. वरच्या पाण्यानं पोट भरतं आणि जुलाबाचा धोका येतो. तहान लागलेली होती ती आई. “पोट सुटते” म्हणून तिलाच पाणी मोजून मिळत होतं.

जेवणही तसंच. पोळी, मुगाचं वरण आणि या उन्हात डिंकाचे लाडू, जे तिच्या घशाखाली उतरत नव्हते. भाजी, दही, फळ सगळं बंद. मी स्पष्ट सांगितलं की लाडू खाल्ल्यानं दूध वाढतं म्हणून नव्हे, तिच्या स्वतःच्या शरीरासाठी तिला जेवायचं आहे. आईचं खाणं बेताचं असलं तरी दूध बहुतेक वेळा बनतंच, पण कॅल्शिअम तिच्या हाडांतून जातं, आणि ब-१२ सारखी जीवनसत्त्वं तिच्याकडेच कमी असतील तर दुधातही कमी उतरतात. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे. म्हणजे एक जास्तीचं नीट जेवण. पालेभाजी, दूध-दही, अंडं चालत असेल तर अंडं, आणि पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या.

राहिला रोजचा पुरावा. डायपर आठवडाभर बंद, लंगोटच. बाळ सहा दिवसांचं झाल्यावर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली, ती फिकट असली, तर दूध पोटात जातंय. अडचण अशी की नागपूरच्या उन्हात लंगोट दहा मिनिटांत वाळतो, तारेवरचे मोजायचे कसे? तोडगा सासूबाईंनीच काढला. दर ओल्या लंगोटामागे एक चिंचोका वाटीत. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला: “नऊ झाले जी!” मला फार बरं वाटलं, कारण काल सुनेला दोष देणारी बाई आज तिच्या बाजूनं मोजत होती.

बाटल्या एकदम तोडल्या नाहीत. आधी दोन्ही बाजूंनी पाजणं वाढवलं, मग संध्याकाळची बंद केली, तीन दिवसांनी रात्रीची. पुढच्या सात दिवसांत वजन १९० ग्रॅमनं वाढलं.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. याच वर्षी एक बाळ मी पाहिलं त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. तीन आठवडे होऊनही जन्मवजन गाठलेलं नव्हतं, लघवी गडद आणि चार वेळाच, बाळ प्यायला उठत नव्हतं. तिथे वरचं दूध लागलं, आणि ते देणं योग्यच होतं. अशी लक्षणं असतील तर कुणाच्या सल्ल्याची वाट पाहू नका, माझ्याही नाही.

मानेवाड्याच्या त्या घरी मी नंतर दर आठवड्याला फोन करत राहिले. त्याला आधार इथलाच आहे. लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी नागपुरातल्या ४ रुग्णालयांत हजारावर गर्भवतींसोबत काम केलं, अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दर आठवड्याला समुपदेशकाचा फोन आणि रोज एक संदेश जायचा. प्रसूतीनंतर २४ तासांनी दोन्ही गटांत फक्त अंगावर पाजणाऱ्या सारख्याच होत्या, शेकडा ७४. सहा महिन्यांनी फोन नसलेल्या गटात ४९ उरल्या, फोनवाल्या गटात ९७. मला यातलं दुसरं टोक महत्त्वाचं वाटतं. सुरुवात सगळ्यांची सारखी होते, मधल्या संध्याकाळी विचारायला कुणी नसतं.

ऑक्टोबरात सासूबाईंचा फोन आला. उष्टावण करायचं होतं. “वरणाचं पाणी देऊ का आधी, पातळ?” पाणी नको, म्हटलं. घट्ट वरण-भात कुस्करा, वर तूप घाला, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतपत. दोन-तीन चमच्यांनी सुरू करा, आणि अंगावरचं चालूच ठेवा. “दोन वर्षं?” त्यांनी विचारलं. दोन वर्षं आणि पुढेही, मी म्हटलं. पलीकडे त्यांनी ते सुनेला जसंच्या तसं ओरडून सांगितलं.