कंट्रोलची टाकी

चि. डॉक्टरबाईंस,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला प्रवाळांवरची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची संशोधनाची जागा, मिळाल्याची मेल वाचली. फार बरं वाटलं. पण शेवटी तू विचारलंयस, "जाण्याआधी आर पक्कं करू की पायथन?" डेटा तपासायच्या या संगणकभाषांवर जरा हसलो. दोन्ही येईल गं. आधी टाकी यायला हवी.

माझीच फजिती सांगतो. पहिल्या पोस्टडॉकला मी ॲक्रोपोरा या प्रवाळाचे तुकडे दोन टाक्यांत ठेवले होते, एक 27 अंशांवर, दुसरी 32 वर. नमुने घ्यायला एकटाच. तुकडा उचलायचा, द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा, वहीत नोंद करायची. सकाळी 9 वाजता कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी न तापवलेल्या, टाकीपासून सुरुवात केली, गरम टाकीपर्यंत पोचेतो दुपारचे 2 वाजले. काही महिन्यांनी कुठली जनुकं किती चालू होती याचा डेटा आला आणि बदललेल्या जनुकांच्या यादीत अगदी वर क्रिप्टोक्रोम! मी हवेत. प्रयोगशाळेतल्या एका अनुभवी बाईंनी यादी पाहिली आणि एवढंच विचारलं, "नमुने किती वाजता घेतलेस?"

क्रिप्टोक्रोम उजेडाला प्रतिसाद देतं, प्रवाळाच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाशी त्याचा संबंध. मी उष्णता मोजलीच नव्हती, सकाळ आणि दुपार मोजली होती. त्यात दर तापमानाला टाकी एकच. तुकडे वीस असले म्हणून काय झालं, पंप बिघडला तर वीसही एकदमच आजारी पडणार.

तेव्हा तुकडे कमी चालतील, टाक्या वाढव. एकाच वसाहतीचे (एकत्र वाढलेल्या एका प्रवाळाचे) तुकडे सगळ्या टाक्यांत वाटून टाक. नमुने आलटूनपालटून घे, गरम-थंड-गरम, आणि तासाभरात उरक. त्यासाठी दोन माणसं लागतील. त्यांना आदल्या दिवशी जेवायला बोलाव, खिचडी चालते.

कंट्रोलवर मी इतका अडून बसतो त्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकन समोआतल्या ओफू बेटावर उथळ पाण्याची डबकी आहेत. ओहोटीला त्यातली काही भलतीच तापतात, तरी तिथली प्रवाळं टिकतात. 2013 मध्ये त्यावर निबंध आला. उष्णतेने शेकडो जनुकांचं काम कमी-जास्त झालं हे अपेक्षितच होतं. गंमत अशी की काटक प्रवाळांत त्यातली 60 जनुकं गरम करण्याआधीच, साध्या पाण्यात, जास्त चालू होती. कोकणात आगोटीला घरात बेगमी करून ठेवतात ना, तसं. पाऊस आल्यावर धावाधाव नाही. ही बातमी गरम टाकीत नव्हती, कंट्रोलमध्ये होती. आणि त्यांचं कंट्रोल माझ्यासारखं असतं तर ती कधीच दिसली नसती.

दुसरं, आरएनए, म्हणजे चालू जनुकाची जी नक्कल आपण मोजतो ती, कुणाचा ते बघ. प्रवाळाच्या पेशींत शैवाल राहतं आणि ते सगळीकडे सारखं नसतं. ड्युरुसडिनियम नावाचं शैवाल असेल तर तीच जात एक-दीड अंश जास्त सोसते. वसाहतीत शैवाल कुठलं आहे ते पहिल्याच आठवड्यात तपासून ठेव, नाहीतर भाडेकरूचं कर्तृत्व घरमालकाच्या नावावर छापशील.

मालवणचे नमुने तुलनेला नेईन म्हणतेस. बॅगेत टाकून नेता येत नाहीत. दगडी प्रवाळांच्या सगळ्याच जाती साइट्सच्या (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, शिवाय आपला वन्यजीव कायदा आहेच. परवान्याचे कागद आजच सुरू कर, कंटाळवाणे आहेत.

आता कॅलेंडर. करार दोन वर्षांचा आहे ना? म्हणजे तुझ्याकडे अंडी दोनदाच. ग्रेट बॅरियर रीफवरचा ॲक्रोपोरा वर्षातून एकदा, तिथल्या वसंतातल्या, म्हणजे आपल्या शरदातल्या, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत अंडी आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या सोडतो. किनाऱ्याजवळ बहुधा आपल्या कोजागरीनंतर, बाहेरच्या खडकांवर त्रिपुरीनंतर. दिवाळी नेमकी मधे येते, तेव्हा आईला आत्ताच काही कबूल करू नकोस. पण त्या रात्री सोडू नकोस. 2015 मध्ये उत्तरेकडच्या गरम पाण्यातले आणि दक्षिणेकडचे पालक एकमेकांशी जुळवून पाहिले, तर उत्तरेच्या पालकांच्या अळ्या उष्णतेत तग धरण्याची शक्यता दहापटीपर्यंत वाढली, आणि त्यातही आईचं वजन जास्त. प्रौढ वसाहतीचे तुकडे तापवून हे कळलं नसतं.

आणि तिथला उन्हाळा तापण्याआधी, डिसेंबरातच, खूण केलेल्या प्रत्येक वसाहतीचा तुकडा फ्रीझरमध्ये गेलेला हवा. 2016, 2017, 2020, 2022, 2024. तिथल्या मोठ्या ब्लीचिंगची (उष्णतेने शैवाल गमावून प्रवाळ पांढरं पडण्याची) ही सालं बघ, म्हणजे घाई का करतोय ते कळेल. वसाहत पांढरी पडलेली पाहून पाण्याखाली मास्कमध्ये रडू येतं. माझा मास्क भरला होता.

ट्यूबवरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ट्यूबच्या आत टाक.

रविवारी फोन करशील तेव्हा टाक्यांच्या मांडणीचं चित्र समोर असू दे. खिडकी कुठल्या बाजूला येते तेही काढ.

तुझा,
सर