भरतीच्या आधी दोन तास

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार रविवार पहाटे उठून किनाऱ्यावर गेलीस आणि हाती काय लागलं, तर दोन रविवारी लांबवर तपकिरी ठिपके आणि दोन रविवारी नुसतं पाणी. ठिपक्यांतले निम्मे दगड निघाले, हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. माझ्या पहिल्या वहीतही एका दगडाची नोंद आहे, चांगली संख्येसकट. पण शेवटी तू लिहितेस की आता मोठ्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा आणि कुठल्यातरी नावाजलेल्या पाणथळीवर जावं, तिथं मात्र तुला थोपवते. तुझी जागा चुकलेली नाही आणि डोळेही कमी पडलेले नाहीत. वेळ चुकली.

रविवार सकाळचे सात ही माणसांची सोय. किनाऱ्यावरचे पक्षी चंद्राच्या घड्याळावर जगतात. एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज ती सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते. आता हिशेब कर. या रविवारी सातला भरती असेल, तर आठवड्यानं त्याच सातला जवळजवळ ओहोटी असणार. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर दूर जातात. हे तुझे ठिपके. भरतीला बसायलाच जागा उरत नाही, तेव्हा ते किनारा सोडून निघून जातात; हे तुझं नुसतं पाणी. तू चारही वेळा बरोबर पाहिलंस. फक्त चुकीच्या तासाला.

भरतीच्या आधी दोन-अडीच तास जा. ऊन पाठीशी येईल अशी जागा धर, बूड टेकव आणि हलू नकोस. पाणी चढू लागलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि त्यावरचे पक्षी हळूहळू तुझ्याकडे ढकलले जातात. आपण पक्ष्यांच्या मागं धावायचं नसतं, समुद्र त्यांना आपल्यापाशी आणून सोडतो. इतकी वर्षं झाली, पण तो तास अजून मला जुना वाटत नाही. आधी नुसती हालचाल दिसते, मग पाय, मग चोची, आणि शेवटी एखादा इतका जवळ येतो की दुर्बीण बाजूला ठेवावी लागते.

भरतीचं वेळापत्रक कुठंही मिळतं, पण स्वतःचं एक निरीक्षण करून ठेव. पौर्णिमेला तुझ्या किनाऱ्यावर पाणी पूर्ण कधी भरतं, ती वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिही. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर पुढच्या अमावास्येलाही ती त्याच सुमारास येते, त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही. एवढ्यावर मधल्या दिवसांचा अंदाज तुला बोटांवर करता येईल. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं, तेव्हा पक्ष्यांची हलवाहलव मोठी असते. भांगाच्या, म्हणजे मधल्या अष्टमीच्या सुमाराच्या दिवसांत सगळंच सुस्त. काही ठिकाणी तर पाणी चिखल पूर्ण झाकतही नाही आणि पक्षी जागचे हलत नाहीत. नवख्या माणसानं उधाणाच्या दोन दिवस पुढंमागं जावं.

आणि हे नीट ऐक. चढतं पाणी नेहमी समोरून येत नाही. एकदा मी चिखलातल्या एका उंचवट्यावर बसून मान खाली घालून मोजणी करत होते. समोरचं पाणी अजून शंभर पावलं लांब, म्हणून निर्धास्त. उठून मागं वळले, तर ज्या ओहळातून घोटाभर पाण्यात आले होते तो मांडीपर्यंत भरलेला. बाहेर आले, पण एक चप्पल, वही आणि बराचसा रुबाब तिथंच राहिला. खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल, मागच्या ओहळांतून आधी भरतं. तेव्हा ओहळ ओलांडून पलीकडे बसायचं नाही, कुठं चाललीस ते घरी सांगून निघायचं, आणि पाय चिखलात पिंढरीपर्यंत रुतला की पुढं जायचा विचार सोडायचा.

तू विचारलंस, किनारा करू की मागचं तळं? मला वाटतं हा प्रश्नच कोणीतरी नकाशा बघून तयार केलाय. भरतीला किनाऱ्यावरून गायब झालेले पक्षी गेले कुठं? मागच्या मिठागराच्या बांधावर, उथळ तळ्याच्या काठावर, एखाद्या खडकावर. तिथं ते एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, सगळे वाऱ्याकडे तोंड करून पाणी उतरायची वाट बघत असतात. एकाच घरातलं स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, एवढाच फरक. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसरला पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येतही ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असणारा समुद्र पाणथळीतच मोजला आहे. म्हणजे तुझा चिखल, तुझी खाडी आणि तुझं तळं कागदावरसुद्धा एकच. तळं बुजलं तर खाडीतले पक्षीही कमी होतात, ते यामुळेच.

म्हणून एका फेरीत दोन्ही कर. भरतीपूर्वी किनारा, भर भरतीला तळं. तळ्यावर किनाऱ्याचे पाहुणे असतातच, शिवाय तिथले कायमचे रहिवासी असतात. पाणी किती खोल आहे त्यावर कोण कुठं ते ठरतं: घोटाभर पाण्यात लांब पायांचा शेकाट्या, मध्यावर वारकरी नावाचे काळे पक्षी आणि बदकं, बुडी मारण्याइतक्या खोलीत पाणकावळे. थापट्या बदकं कधीकधी एकमेकांमागं गोल गोल फिरताना दिसतील. तो खेळ नव्हे, पाणी ढवळून खालचं अन्न वर आणायची युक्ती आहे. जागा न बदलता चाळीस मिनिटं बस. गवतातली पाणकोंबडी तोपर्यंत बाहेर येत नाही.

आता तुझी खरी तक्रार: "सगळे सारखेच दिसतात." दिसणारच. उत्तरेकडं वीण करून आलेले बरेचसे चिखलपक्षी हिवाळ्यात राखाडी-तपकिरी होतात. पुस्तकातल्या लालसर छातीच्या चित्राशी ते जुळत नाहीत. रंग ही या पक्ष्यांच्या बाबतीत सगळ्यात लबाड खूण. माझंच सांगते. सुरुवातीला मी काळसर पायांचा एक पक्षी पाहिला, पुस्तक चाळलं आणि काहीतरी फार दुर्मीळ सापडल्याचं सगळ्यांना कळवून टाकलं. बरोबरच्या एका जाणत्या माणसानं एवढंच विचारलं, "उडताना पंख पाहिलेत का?" पाहिले नव्हते. थोड्या वेळानं तो उडाला आणि पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी चमकली. साधा टिलवा, आपला रेडशँक. लाल पायांवर चिखलाचा थर बसला होता, बस.

तेव्हापासून मी आधी पक्षी खातो कसा ते बघते. चिखल्या (प्लोव्हर) डोळ्यांनी शिकार करतो: चार पावलं धावला, थबकला, पाहिलं, टिपलं, पुन्हा धावला. म्हणून त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड. तुतवारांच्या (सँडपायपर) जातीतले बरेचसे चोचीनं चाचपडत जातात, मान खाली, शिवणयंत्राच्या सुईसारखी. गॉडविट या चिखलपक्ष्याची लांब चोच चिखलात मुळापर्यंत जाते, आणि आत गेल्यावर तो चोचीचं फक्त टोक उघडू शकतो, सगळी चोच उघडावी लागत नाही. बाकदार चोचीचा कर्ल्यू आणखी खालचे किडे काढतो. एकाच चिखलावर इतके जण भांडण न करता जेवतात, कारण प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की पन्नास ठिपक्यांचे चार-पाच गट आपोआप पडतात. नाव त्यानंतर. आणि कुरवांच्या (सीगल) वाटेला पहिलं वर्षभर जाऊच नकोस. मोठ्या कुरवांना पूर्ण पिसारा यायला चार वर्षं लागतात आणि दरवर्षी ते वेगळे दिसतात. मला अजून घाम फुटतो.

ओळखता आला नाही तर वहीत "ओळखला नाही" असंच लिही. हा कमीपणा नाही. ओढूनताणून दिलेलं नाव मात्र पुढं कायम छळतं, कारण वर्षानं तुला स्वतःलाच कळत नाही की त्या दिवशी खरं काय पाहिलं होतं.

आणि मोज. "भरपूर" हा आकडा नाही. दहा पक्षी मोजून त्यांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यात धर, मग तसे दहा-दहाचे तुकडे पुढं टाकत जा. थवा मोठा असेल तर तीनदा मोज. मोठा थवा आपण बहुतेक वेळा कमीच मोजतो. साध्या, नेहमीच्या पक्ष्यांची संख्या तर आवर्जून लिही. तिथंच सगळ्यांचा कंटाळा आडवा येतो. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू नावाचा बारीक चोचीचा एक कर्ल्यू होता, भूमध्य समुद्राच्या परिसरात हिवाळा काढणारा. दिसायला नेहमीच्या कर्ल्यूसारखाच, म्हणून कमी होत गेला तरी फार उशिरापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याची शेवटची निर्विवाद नोंद फेब्रुवारी १९९५ची, मोरोक्कोतल्या मेर्जा झर्गा या खाजणातली. २०२५मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

योगायोग बघ, त्याच १९९५ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फ्यूगोमध्ये, नॉट जातीच्या एका चिखलपक्ष्याच्या पायात कडं घातलं गेलं. पुढं त्याच्या पायावर 'बी ९५' असं लिहिलेला प्लास्टिकचा छोटा नारिंगी झेंडा आला आणि कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर बसलेल्या माणसांनी तो दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा वाचला, थेट २०१४पर्यंत. त्याचा एकूण प्रवास चंद्रापर्यंत जाऊन अर्ध्याहून जास्त परत येण्याइतका भरला, म्हणून लोक त्याला मूनबर्ड म्हणू लागले. तेव्हा पाय बघायची सवय लाव. झेंडा दिसला तर रंग, अक्षरं, डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, सगळं टिपून ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरच्या तुझ्या यादीत लिही आणि कडी घालणाऱ्या संस्थेलाही कळव.

सामानाचं दोन ओळींत सांगते. ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे. १० पटीची घेशील तर किनाऱ्यावरच्या वाऱ्यात चित्र थरथरतं. टोपी, पाणी, पेन्सिल (पेनाची शाई ओल्या कागदावर फुटते). कॅमेरा सहा महिन्यांनी. आत्ता घेतलास तर पक्षी पाहायचा राहून जाईल आणि फोटो काढत बसशील, वर अजून दोन पावलं पुढं जायचा मोह होईल तो निराळाच.

त्या दोन पावलांबद्दल मी कडक आहे. २०२२मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट अलास्काहून टास्मानियाला गेला: १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठंही न उतरता. असले पक्षी निघण्यापूर्वी अंगावर चरबी चढवतात, पोटातले अवयवसुद्धा आकसून घेतात. तुझ्यासमोर चिखलात टिपणारा प्रत्येक जण हेच इंधन भरतोय. तू थवा उडवलास की त्याला त्यातलं खर्चावं लागतं आणि भरतीनं दिलेल्या मोजक्या तासांतला वेळही जातो. खाणं थांबलं, माना वर झाल्या, दोघे-तिघे चालत दूर सरकू लागले, की तू नको इतकी जवळ आहेस. मागं हो. वाळूवर एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फडफडत तुला दूर नेऊ लागला, तर पायाखाली बघत आलीस त्याच वाटेनं परत फिर. वाळूच्याच रंगाची अंडी जवळ आहेत. फोटो नाही, कुणाला जागा सांगणं नाही. आणि तू जागची हललीही नसताना सगळा थवा एकदम उठला, तर मात्र वर आकाशात शोध. बहुधा बहिरी ससाणा असतो.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट बाकी राहिली. तिसऱ्या रविवारी दगडावर एकटाच बसलेला पक्षी, "सारखी शेपटी वरखाली करत होता, नाव नाही कळलं" असं तू समासात लिहिलंयस. मला अंदाज आहे, पण सांगत नाही. येत्या पौर्णिमेला भरतीपूर्वी दोन तास तिथंच जा. उडाला तर पाण्याला लागून उडतो का, पंख ताठ धरून मध्येच थरथरवतो का, आणि खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला दिसतो का, एवढं बघ आणि कळव.

तुझी
मावशी