‘सौम्य लाठीमार’ नेमका कुणाला सौम्य?

एका वाचकाचा प्रश्न आहे. गावातली घरं पाडतानाच्या बातमीत ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’ असं वाक्य होतं. व्याकरणात चूक दिसत नाही, तरी ते खटकतं. कशामुळे? आणि लाठीमार, लाठीचार्ज, लाठीहल्ला यांत फरक आहे का?

आधी सोपा भाग. लाठी म्हणजे संस्कृत ‘यष्टि’. प्राकृतात तिचं ‘लट्ठि’ झालं आणि तिथून मराठीत लाठी आली. ‘लाठीचार्ज’मध्ये तुकडी चाल करून जाते, एवढंच दिसतं. ‘लाठीहल्ला’ म्हटलं की दोष कुणाचा हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलं असतं. ‘लाठीमार’ मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात ‘मार’ आहे आणि मार म्हटला की तो खाणारं माणूस आलंच. जुन्या बातम्यांत ‘छडीमार’ही भेटतो. ज्यांना लागलेलं असतं ते मात्र यातला एकही शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, काठ्या घातल्या, झोडपलं, म्हाताऱ्या माणसालाही सोडलं नाही.

आता ‘सौम्य’. सौम्य ताप, सौम्य औषध, भूकंपाचा सौम्य धक्का हे प्रयोग बिनघोर आहेत, कारण तिथं मोजमाप आहे, नाहीतर ज्याला झालं तोच सांगतो आहे. लाठीमाराचं सौम्यपण कोण सांगतं? ज्याच्या हातात लाठी आहे तो. पाठीवर वळ घेऊन बसलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. डोकं फुटलं, हात मोडला, तरी पहिल्या दिवशी छापलेलं विशेषण तसंच राहतं.

‘किमान बळ’ हा शब्दप्रयोग त्याहून वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत करू नये. जमाव पांगवायला सैन्य बोलावलं तर कमीत कमी बळ वापरावं आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करावी, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये होतं. ‘किमान’ म्हटलं की गरज किती होती, हे विचारता येतं. ‘सौम्य’ला असा प्रश्नच लावता येत नाही.

पण मला सगळ्यांत जास्त टोचतो तो ‘जमाव पांगवण्यासाठी’. हा शब्दांचा साचा कायद्यातून आला आहे. पाच किंवा अधिक माणसांचा, शांतता बिघडवू शकेल असा जमाव पांगण्याचा आदेश देऊनही हटला नाही, तर बळ वापरता येतं. हे पूर्वी संहितेच्या कलम १२९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. आता मराठीचा कान लावून ऐका. जमणे आणि पांगणे ही जोडी आहे. कुठून तरी येऊन जमलेली माणसं पांगतात आणि आपापल्या घरी जातात. इथं तर माणसं स्वतःच्याच दारात उभी आहेत. आई, बाप, आजी आणि दोन मुलं उंबऱ्यावर आली की पाचाचा आकडा भरला, आणि बातमीत त्यांचा ‘जमाव’ झाला. त्यांनी पांगून जायचं कुठं? ज्या घरी परतायचं तेच पाठीमागे पाडलं जात आहे. अशा ठिकाणी ‘रहिवासी’ हा साधा, अचूक शब्द हाताशी असताना ‘जमाव’ लिहिणं मला चूकच वाटतं.

‘अतिक्रमण’चंही असंच झालं आहे. मुळात ते ओलांडण्याच्या क्रियेचं नाव. ‘अतिक्रमण पाडलं’ या वाक्यात त्या क्रियेचीच भिंत झाली, आणि घर हा शब्द बातमीतून गेला. बांधकाम बेकायदा असेल तर तसं लिहावं, पण बेकायदा घरही घरच असतं. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि पाडकामाचं चित्रीकरण बंधनकारक केलं. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामं आणि न्यायालयाच्या आदेशानं होणारं पाडकाम त्यातून वगळलं आहे. बातमीदारानं ‘सौम्य’ लिहिण्याआधी नोटिशीची तारीख आणि ते चित्रीकरण मागावं.

राहिलं ‘करावा लागला’. ‘मला जावं लागलं’ असं मी म्हणते तेव्हा माझी अडचण मला ठाऊक असते. बातमीदार दुसऱ्याबद्दल ‘करावा लागला’ लिहितो, तेव्हा त्याच्या नाइलाजाला आपण होऊन जामीन राहतो. शिवाय ‘पोलिसांनी’चं ‘पोलिसांना’ होतं आणि मारणाराच सोसणाऱ्यासारखा दिसू लागतो. नाइलाज होता असं पोलिसांचं म्हणणं असेल, तर ‘असे पोलिसांनी सांगितले’ हे तीन शब्द जोडावेत. रहिवाशांनी दगडफेक केली असेल तर तेही कर्ता लपवू न देता लिहावं.

मी तेच वाक्य असं लिहीन: ‘पाडकामावेळी पोलिसांनी रहिवाशांवर लाठीमार केला.’ मूळ वाक्यात सात शब्द होते, यात पाच आहेत. वाचलेल्या जागेत किती जण जखमी झाले ते लिहिता येईल.