मधली शंभर पानं

प्रिय,

तुझा खर्डा वाचला. भाषेबद्दल तक्रार नाही. कादंबरी मधल्या शंभर पानांत मरगळून बसते आहे, आणि ती उठवायला तू एक अपघात नि दोन मृत्यू घातलेस. घटना कमी पडल्या म्हणून वाचक पुस्तक मिटत नाही. आपल्याला काय जाणून घ्यायचं होतं, तेच त्याला आठवेनासं होतं.

आधी वही घे. प्रत्येक प्रकरणापुढे दोन प्रश्न लिही: सुरुवातीला वाचकाच्या मनात काय असतं आणि शेवटी काय. सलग तीन प्रकरणं तोच प्रश्न दिसला, तर त्या तिघांचं एकच प्रकरण कर.

सातवं प्रकरण बघ. भाऊबीजेला भाऊ ओवाळणीबरोबर जमिनीतला वाटा सोडून देण्याचं हक्कसोडपत्र ताटात ठेवतो. बहीण पेन उचलते, आणि तू तिथे प्रकरण तोडतोस. आठव्याच्या पहिल्या ओळीत ती सही करून मोकळी! असा चकवा वाचक एकदा खपवून घेतो. त्याऐवजी तिला बोलू दे: "दादा, सोमवारी येते निबंधक कार्यालयात. पण आधी आईची पेटी उघडू." सही होणार का, याचं अर्धं उत्तर मिळालं, आणि पेटीत काय आहे हे नवं लचांड मागे लागलं. शिवाय हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते, म्हणजे सोमवारची मुदत तुला आयतीच मिळते. तेवढ्या दिवसांत वहिनी नुसता चहा घेऊन आली तरी ती कशाला आली असेल, असं वाचकाला वाटेल. अपघाताची गरजच उरत नाही.

पेटी मात्र दोन-तीन प्रकरणांत उघड. लहान प्रश्न लवकर फेडत राहिलास, तरच मोठ्या प्रश्नासाठी वाचक शेवटपर्यंत उधारी ठेवतो.

आजोबांच्या जमिनीचा इतिहास चौथ्या प्रकरणात अकरा पानं चालतो. तो तिथून काढ. पेटीतून जुना सातबारा निघाला आणि त्यावर अनोळखी नाव दिसलं, की वाचक स्वतःहून तो इतिहास मागेल. तेव्हाही तीन पानं पुरेत.

दर प्रकरणाच्या शेवटी धक्का हवाच, असं नाही. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. त्यात क्रमशः कादंबरी वाचणाऱ्याला पुढच्या अंकाची वाट बघावी लागे. तुझ्या वाचकाच्या हातात सगळं पुस्तक आहे. चार-पाच प्रकरणांनंतर एखादं शांतपणे संपव, पण मोठा प्रश्न उघडा असतानाच.

संवाद मोठ्यानं वाच. दोन पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत असतील, तर ती वाक्यं वाचकासाठी घुसडलेली आहेत; खोड.

इतक्यात पूर्ण खर्डा पाठवू नकोस. प्रश्नांची वही आणि नव्यानं लिहिलेलं सातवं-आठवं प्रकरण, एवढंच पाठव.